गाविलगड: एका रस्त्याने पडलेला किल्ला

फँटसी कादंबऱ्या वाचणाऱ्या किंवा तसल्या सिरीज रात्र जागून बघणाऱ्या माणसाला एक किल्ला नक्की ओळखीचा असतो. दोन राज्यांच्या मधे डोंगरांची रांग, त्या रांगेत मोजक्या खिंडी आणि खिंडीच्या डोक्यावर काळ्या दगडाचा किल्ला. अलीकडे आपली माणसं, पलीकडे काहीतरी भयंकर. किल्ला टिकला तर सगळं टिकलं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधलं हेल्म्स डीप घ्या, नाहीतर 'गेम ऑफ थ्रोन्स'मधली ती बर्फाची भिंत. कथेला लागतं ते सगळं तिथे असतं: थंडी, मशाली, कमी पडणारी माणसं आणि कुणीतरी विसरलेली एखादी कच्ची जागा. हेल्म्स डीपच्या सिनेमात ती जागा म्हणजे भिंतीखालून पाणी जायची मोरी.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. नोकरीला पुण्यात, कोड लिहितो. पुण्यात ऑफिसात शुक्रवारी दुपारी किल्ल्यांच्या गप्पा सुरू होतात. राजगड झाला, हरिश्चंद्रगड राहिला, नळीची वाट कधी करायची. मग कुणीतरी सहज विचारतं, "तुमच्याकडे किल्ले नसतीलच ना रे?" यवतमाळचा माणूस अशा वेळी माहूरचं नाव घेतो आणि लगेच त्याला सांगावं लागतं की माहूर पैनगंगेच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्यात आहे. मी गाविलगडाचं नाव घेतो. तोही आमच्या जिल्ह्यात नाही. यवतमाळहून अमरावती, परतवाडा करत चिखलदऱ्याला जायचं म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पण यवतमाळ आज ज्या रेषेच्या ज्या बाजूला आहे, ती रेष त्या किल्ल्याच्या पायथ्याशी ठरली. त्यामुळे मी त्याला आमचा किल्ला म्हणतो.

वऱ्हाडचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला सातपुडा भिंतीसारखा उभा. त्याच्या पायथ्याशी पूर्णा नदीचं काळ्या मातीचं सपाट खोरं. जुन्या कागदांत याला पायनघाट म्हणतात. त्या खोऱ्याच्या दक्षिणेला जमीन परत चढते, तो बालाघाट. वाशीम, पुसद, यवतमाळ हा सगळा बालाघाटाचा मुलूख. सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा आणि नर्मदेपलीकडे माळवा. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजेला पश्चिमेकडची सोपी वाट म्हणजे बुऱ्हाणपूर. तिथे असिरगड बसलेला. ती टाळून थेट वऱ्हाडात उतरायचं तर मेळघाटातून. घाटांचा मेळ तो मेळघाट, अशी या नावाची फोड आमच्याकडे सांगतात. त्या घाटांवर दोन किल्ले: आकोटच्या वरच्या अंगाला नरनाळा आणि अचलपूरच्या वरच्या अंगाला गाविलगड.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सिनेमांमुळे तिचा घोळ होतो. डोंगरी किल्ला खिंड अडवतो म्हणजे फाटकासारखा आडवा उभा राहत नाही. गाविलगड कुठल्याही रस्त्यावर आडवा नाही. फौजेला त्याला वळसा घालून खाली उतरता येतं. पण उतरल्यावर काय? मागून धान्याचे बैल येणार, दारूगोळा येणार, पगाराचा खजिना येणार. ते सगळं त्याच घाटांतून. वर किल्ल्यात दोन-चार हजार माणसं बसली असतील तर ती रोज रात्री खाली उतरून तुमचे बैल हाकून नेतील. त्यामुळे किल्ला मागे ठेवून पुढे जाणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणं. किल्ला माणसं अडवत नाही, त्यांचा शिधा अडवतो.

नावावरून दिसतं की ही जागा मूळ गवळ्यांची असावी. डोंगरावर गवत भरपूर, पाणी आहे, गुरं राखायला उत्तम. पण दगडी किल्ला म्हणून त्याचं श्रेय फरिश्ता हा इतिहासकार बहमनी सुलतान अहमदशाह वलीला देतो आणि साल येतं 1425. यातला मला सगळ्यांत आवडणारा भाग हा की त्या मोहिमेची सुरुवात आमच्याकडून झाली. माहूर आणि कळंब ही ठाणी गोंडांच्या हाती गेली होती. अहमदशाहने आधी ती घेतली. कळंब म्हणजे आपलं यवतमाळजवळचं, चिंतामणी गणपतीचं कळंब. तिथून तो एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला गेला, वर्षभर तिथे तळ ठोकून बसला आणि त्या मुक्कामात गाविलगड बांधून घेतला, नरनाळ्याची डागडुजी केली. आधी घरातली मागची खोली ताब्यात घेतली, मग दाराला कडी लावली.

कडी कुणासाठी? माळव्याच्या होशंगशाहासाठी. मांडू ही त्याची राजधानी. दोघांच्या मधे आजच्या बैतूलकडचं खेरला हे छोटं राज्य सापडलं होतं आणि त्याच्या राजाला कधी याची, कधी त्याची मनधरणी करावी लागे. पुढच्या काही वर्षांत याच खेरल्यावरून बहमनी आणि माळव्याच्या फौजा एकमेकांना भिडल्या आणि होशंगशाहाला मार खाऊन परतावं लागलं. म्हणजे गाविलगडाचा जन्मदाखला स्पष्ट आहे: दक्षिणेच्या सत्तेने उत्तरेकडे तोंड करून बांधलेला सरहद्दीचा किल्ला.

त्याचा आकारही तेच सांगतो. दक्षिणेला, म्हणजे वऱ्हाडच्या मैदानाकडे, कडे सरळ तुटलेले. तिकडून एक लांबलचक खडी पायवाट, माणसांपुरती. पश्चिमेच्या अंगाने दुसरी वाट येते, पण ती बराच वेळ तटाच्या माऱ्याखालून आणि इतकी अरुंद की तिथे मोर्चे बांधणं अशक्य. उत्तरेला मात्र निसर्गाने हात आखडता घेतला आहे. तिथे किल्ल्याची जमीन डोंगराच्या पठाराला जवळपास सलग जुळते. म्हणून सगळा दगड तिकडे ओतला. दक्षिण बाजूला आतला किल्ला, त्याच्या उत्तरेला बाहेरचा किल्ला, त्याच्याही पुढे आणखी एक तट आणि आतल्या-बाहेरच्या किल्ल्यांच्या मधे एक घळ. उत्तर अंगाच्या दरवाज्याचं नाव दिल्ली दरवाजा. शनिवारवाड्याचाही उत्तरेचा दरवाजा दिल्ली दरवाजाच आहे. दख्खनमध्ये पाहुणा असो की शत्रू, मोठा असला की तो उत्तरेकडूनच येणार, असं गृहीत धरलेलं दिसतं.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहमनी राज्याचे तुकडे झाले तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादउल्मुल्क स्वतंत्र झाला. त्याने 1488च्या सुमाराला किल्ला दुरुस्त करून घेतला. हा मूळचा विजयनगरच्या मुलुखातला हिंदू, लहानपणी लढाईत पकडला गेलेला, असं फरिश्ता सांगतो. गाविलगडाच्या दरवाज्यावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, पंजांत हत्ती धरलेला. गंडभेरुंड ही कानडी-तेलुगू मुलुखातली ओळखीची खूण. सातपुड्यात, एका मुसलमान सुलतानाच्या किल्ल्यावर ती बघितली की मला दर वेळी थांबावंसं वाटतं. कुणी कोरायला सांगितली, कोणत्या आठवणीने, याचे तर्क अभ्यासकांनी केलेत. तो पोरगा आणि तो पक्षी यांचा संबंध असावा असं मानायला मला आवडतं.

इमादशाही गेली, निजामशाही आली, सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटी मुघल आले. 'आइन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांच्या यादीत गाविल आहे, नरनाळा आहे, माहूर आहे आणि आमचं कळंबही आहे. मुघल आल्यावर एक गंमत झाली. डोंगराच्या दोन्ही बाजू एकाच मालकाच्या झाल्या. सरहद्दच उरली नाही, तर सरहद्दीच्या किल्ल्याचं करायचं काय? तो तसाच राहिला, शिबंदी बदलत राहिली. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो नागपूरकर भोसल्यांकडे आला होता.

भोसल्यांच्या काळातलं वऱ्हाड हे राज्यशास्त्राच्या पुस्तकात बसणारं प्रकरण नाही. मुलूख निजामाचा, पण वसुलात भोसल्यांचा हिस्सा. चौथ, सरदेशमुखी आणि फौजदारीचा वाटा धरून बऱ्याच भागात शंभरातले साठ भोसल्यांकडे आणि चाळीस निजामाकडे जात. याला दोअमली म्हणत, दोघांचा अंमल. एकाच गावच्या पाटलाकडे दोन सरकारांचे कारकून. माझ्या धंद्यातला माणूस याकडे बघून म्हणेल की एकाच डेटाबेसवर दोन कंपन्यांना लिहायची परवानगी दिली तर जे होईल ते इथे झालं. पिकाचं साल वाईट असलं की दोघंही आधी आपला हप्ता मागणार आणि कुणब्याने तक्रार न्यायची कुणाकडे, हा प्रश्नच. अशा मुलुखावर वरून नजर ठेवायला गाविलगड भोसल्यांना फार सोयीचा होता. आता त्याचं तोंड उत्तरेकडे नव्हतं, पायाखालच्या मैदानाकडे होतं.

मग 1803 उजाडलं. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. 23 सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. ऑक्टोबरमध्ये बुऱ्हाणपूर आणि असिरगड पडले. 29 नोव्हेंबरला तेल्हाऱ्याकडच्या अडगावला आणखी एक लढाई झाली, तीही गेली. अडगावहून निसटलेलं भोसल्यांचं पायदळ गाविलगडावर चढलं. इंग्रज फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. त्याच्या छावणीत राजकीय कामकाज बघायला एक चोवीस वर्षांचा तरुण होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हो, ज्याच्या नावाचं कॉलेज मुंबईत आहे तोच.

इथून पुढची गोष्ट साधारणपणे शौर्याची म्हणून सांगितली जाते. इंग्रजीत बर्नार्ड कॉर्नवेलने यावर 'शार्प्स फोर्ट्रेस' नावाची अख्खी कादंबरी लिहिली आहे, तिच्यात नायक शिडी लावून आतल्या किल्ल्यात उडी घेतो. वाचायला मजा येते. पण मी वेलस्लीचा अहवाल वाचला तेव्हा मला त्यात शिडीपेक्षा रस्ता मोठा दिसला.

किल्ल्याची रचना पुन्हा आठवा. कच्ची बाजू उत्तरेची. पण इंग्रज होते दक्षिणेला, अचलपूरच्या मैदानात. उत्तरेच्या पठारावरचं गाव लबाडा. तिथून किल्ल्यापर्यंत जमीन सपाट, तोफा लावायला आदर्श. मात्र अचलपूरहून लबाड्याला जायचं तर डोंगरातून सुमारे 30 मैल, आजचे 48 किलोमीटर. त्या वाटेने बैल जात, माणसं जात. तोफांच्या गाड्या जातील असा रस्ता नव्हता. तट फोडणाऱ्या तोफा अठरा पौंडी आणि बारा पौंडी होत्या. अठरा पौंडी म्हणजे आठ किलोंचा लोखंडी गोळा फेकणारी. अशा एका तोफेचं वजन टनांत मोजायचं.

म्हणजे उत्तरेचे तीन तट हे गाविलगडाचं शेवटचं संरक्षण होतं. पहिलं आणि खरं संरक्षण होतं ते रस्ता नसण्याचं. किल्ला बांधणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की तटापर्यंत फौज येईल, तट फोडणारी जड तोफ येणार नाही. 1425च्या हिशेबात ते बरोबर होतं. तेव्हा तशी तोफच नव्हती. 1803 मध्येही बऱ्याच अंशी बरोबर होतं. सॉफ्टवेअरच्या सुरक्षेत आम्ही आधी कागदावर मांडतो की हल्ला करणाऱ्याकडे काय आहे, काय नाही, किती दिवस आहेत. त्याला थ्रेट मॉडेल म्हणतात. गाविलगडाच्या थ्रेट मॉडेलमध्ये शत्रूकडे धीर असेल हे धरलं होतं, कुदळी-फावडी घेतलेली शिस्तीची फौज असेल हे धरलं नव्हतं.

7 डिसेंबरला दोन फौजा वेगळ्या झाल्या. वेलस्ली दक्षिणेच्या पायथ्याला देवगावकडे गेला. कर्नल स्टीव्हन्सन तोफा घेऊन डोंगरात शिरला. रस्ता स्वतःच करत जायचं. झाडं तोडा, दगड फोडा, उतार कापा, नाला भरा, तोफ ओढा. बैलांनी जिथे हात टेकले तिथे शिपायांनी दोर धरून जवळपास सगळी वाट तोफा हातांनी ओढल्या. 12 तारखेला ते लबाड्याला पोचले. सहा दिवसांत 48 किलोमीटर, म्हणजे दिवसाला आठ. हे आकडे लहान वाटतात. ज्याने मेळघाटात पावसाळा सोडून कधीही अर्धा दिवस पायी काढला असेल त्याला वाटणार नाहीत.

आणि ही फौज खात काय होती? वेलस्लीच्या पत्रांत 'ब्रिंजारी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो: बंजारे. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांमागे चालणारे तांडे. मुघलांपासून सगळ्यांच्या फौजांना धान्य पुरवण्याचं काम ते करत आले होते; 1803च्या मोहिमेत इंग्रजांनाही त्यांचीच गरज होती. यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः पुसद-दिग्रस भागात, आज बंजारा समाज मोठ्या संख्येने आहे. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राच्या घरी गोरमाटी बोलत. इतिहासाच्या पुस्तकात मात्र त्याचे पूर्वज 'रसद' या एका शब्दात आले आणि गेले. दक्षिणेतल्या घाटांची खरी माहिती कुणाकडे असेल तर ती या लोकांकडे. किल्लेदाराला वरून घाट दिसत, तांड्याला तो पायाखालून माहीत असे.

12 तारखेच्या रात्री लबाड्याच्या बाजूला मोर्चे उभे राहिले, 13 तारखेला सकाळी तोफा सुरू झाल्या. वेलस्लीनेही दक्षिणेकडून तोफा लावल्या, पण त्या कड्यावर त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. त्या बाजूचं गणित जुन्या बांधकाम करणाऱ्यांनी पक्कं केलं होतं. उत्तरेला 14 तारखेच्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटांना खिंडारं पडली. 15 डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमाराला हल्ला झाला. लेफ्टनंट कर्नल केनीची तुकडी खिंडारातून बाहेरच्या किल्ल्यात शिरली. पण आतला किल्ला अजून शाबूत होता, मधे घळ होती आणि आतल्या तटाला एकही खिंडार नव्हतं. दरवाज्यासमोर अरुंद वाटेवर माणसांची गर्दी होऊन ती अडकली. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने बाजूला शिड्या लावण्याजोगी जागा हेरली, तट चढून आत उतरली आणि दरवाजा आतून उघडला. कादंबरीत जे शार्प करतो ते खरं याने केलं.

त्यानंतर जे झालं त्याला लढाई म्हणणं कठीण आहे. दरवाज्यांच्या आत-बाहेर प्रेतांचे ढीग पडले. किल्लेदार बेनीसिंग हा राजपूत होता. त्याचं प्रेत दरवाज्याजवळच्या ढिगात सापडलं. तो आणि त्याचे सोबती मरायला बाहेर पडण्याआधी आपल्या बायका-मुलींना मारून निघाले होते, असं ग्रँट डफ लिहितो. पण हात धजले नाहीत. थोड्याच मेल्या, बहुतेक जणी जखमी होऊन वाचल्या. जोहारच्या गोष्टी आपण डोळे मोठे करून ऐकतो, त्यात सगळे हात ठाम असतात. इथे हात थरथरले आणि म्हणून काही बायका जगल्या. त्या पुढे कुठे गेल्या, कुणाच्या आधाराने राहिल्या, हे लिहून ठेवण्याइतकं कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही. बेनीसिंगाचं नाव मात्र राहिलं.

दोन दिवसांनी, 17 डिसेंबर 1803 रोजी, देवगावचा तह झाला. भोसल्यांतर्फे यशवंतराव रामचंद्र, कंपनीतर्फे वेलस्ली. कटक आणि बालासोर, म्हणजे ओडिशाची किनारपट्टी, कंपनीकडे गेली. आणि वऱ्हाडसाठी तहात दोन रेषा आखल्या गेल्या. उत्तरेला गाविलगड-नरनाळ्याचे डोंगर, पूर्वेला वर्धा नदी, डोंगरातून निघते तिथपासून थेट गोदावरीत पाणी जातं तिथपर्यंत. डोंगरांच्या दक्षिणेचं आणि वर्धेच्या पश्चिमेचं जे काही आहे ते भोसल्यांनी सोडायचं. ते पुढे कंपनीच्या दोस्ताला, निजामाला मिळालं. साठ-चाळीसचा हिशेब एका कलमाने मिटला. शंभरपैकी शंभर निजामाचे.

आता गंमत बघा: जिंकलेला गाविलगड मात्र इंग्रजांनी भोसल्यांना परत दिला. नरनाळाही. सोबत किल्ल्यांच्या खर्चासाठी पायथ्याचा चार लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख. म्हणजे दार भोसल्यांचं आणि घर निजामाचं. वेलस्लीला किल्ला नकोच होता. त्याला रघूजी भोसल्यांना दाखवायचं होतं की तुमचा सगळ्यांत अवघड किल्ला आम्ही आठवड्याभरात घेऊ शकतो आणि तेवढं दाखवून झालं होतं.

ती वर्धा नदीची रेष म्हणजे यवतमाळ जिल्ह्याची आजची पूर्व सीमा. पुढचे जिल्हे, तालुके, राज्यं सगळी बदलली, ती रेष राहिली. माझी आजी हिंगणघाटकडची, लग्न होऊन वणी तालुक्यात आली. माहेर आणि सासर यांच्यात वर्धा नदी. बोली सारखी, भाकरी सारखी, कापूस तोच. तरी नव्वदीच्या उंबरठ्यावर असतानाही ती चिडली की म्हणायची, "तुमच्या वऱ्हाडातले लोकं असेच." साठ-सत्तर वर्षं ती त्याच वऱ्हाडात राहत होती. वेलस्लीचं नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. त्याने आखलेली रेष तिच्या बोलण्यात पक्की होती.

रेषेचे परिणाम फक्त बोलण्यापुरते नव्हते. वर्धेच्या पलीकडे नागपूरचं राज्य 1854 पर्यंत टिकलं. अलीकडे वऱ्हाड हैदराबादच्या हवाली झालं आणि हैदराबादला स्वतःच पैशांची चणचण. दिवाण चंदुलालच्या काळात वऱ्हाडचा वसूल सावकारांना मक्त्याने दिला जाऊ लागला. पूरणमल नावाच्या हैदराबादच्या सावकाराकडे वऱ्हाडचा मोठा भाग असा मक्त्याने होता. पुढे पेस्तनजी या पारशी पेढीकडे काही भाग गेला. मक्तेदाराला गावाशी घेणंदेणं नसतं. त्याने सरकारात आगाऊ भरलेली रक्कम व्याजासकट काढायची असते, तीही मक्ता जाण्याआधी. दोअमलीत निदान दोन धन्यांना एकमेकांविरुद्ध खेळवण्याची सोय पाटलाला होती. आता तीही गेली. 1853 मध्ये कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या पगारापोटी निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावं लागलं आणि 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेलं. मालक निजाम, भाडेकरू इंग्रज आणि शेतात राबणारा तिसराच. 1936 नंतर निजामाचा थोरला मुलगा 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवून घेत होता, म्हणजे कागदावर माझे पणजोबा त्याच्या प्रजेत मोडत. त्यांना हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

किल्ल्याचं काय झालं? 1822 च्या तहात गाविलगडही निजामाकडे गेला. दार आणि घर परत एका मालकाचं झालं, तोवर दाराचं काम संपलं होतं. एकदा मात्र त्याची कुणाला तरी भीती वाटली. 1858 च्या शरदात तात्या टोपे नर्मदा उतरून सातपुड्यात आले, बैतूलजवळच्या मुलताईपर्यंत पोचले. तिथून वऱ्हाडात उतरले असते तर दख्खनमध्ये पेशव्यांच्या नावाने काय पेटलं असतं, याची इंग्रजांना धास्ती होती. घाट रोखून धरले गेले आणि तात्यांना पश्चिमेला वळावं लागलं. चारशे वर्षांनी पुन्हा कुणीतरी उत्तरेकडून मेळघाटाच्या दारात आलं होतं, नेमकं ज्यासाठी अहमदशाहने किल्ला बांधला तसं. फक्त या वेळी दाराआड इंग्रज होते. तात्यांच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी त्याच वर्षी गाविलगड निकामी करून टाकला.

आज तिथे जाणारे बहुतेक जण पावसाळ्यात चिखलदऱ्याला जातात, धुक्यात कणीस खातात आणि वेळ उरला तर किल्ल्यावर डोकावतात. परतवाड्याहून वर जायला डांबरी घाट आहे. गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. किल्ल्यात शिरतो तेही उत्तरेच्याच अंगाने, सपाट जमिनीवरून, दम न लागता. आत मोठी पडकी मशीद आहे, तलाव आहेत, काही तोफा गवतात पडलेल्या आहेत. दक्षिणेच्या तटापर्यंत फार कमी लोक जातात, कारण चालावं लागतं. तिथून खाली वऱ्हाडचं मैदान दिसतं. हवा स्वच्छ असेल तर खूप लांबवर, पण यवतमाळ दिसत नाही. ते बालाघाटाच्या चढणीआड आहे.